पालघरची एक पोस्ट, प्रेस कौन्सिलचे एक पत्र

🧵 थ्रेड : वृत्तपत्रांसाठी प्रेस कौन्सिल आहे. मग मोबाइलवर लिहिणाऱ्या सामान्य नागरिकासाठी कोण? हा प्रश्न साऱ्या देशासमोर ठळकपणे आला तो पालघरमुळे.

१/ १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अंत्यसंस्काराच्या वेळी मुंबई आणि परिसर बंद होता. हा बंद आदरातून नव्हे, तर भीतीतून पाळला जात आहे, अशा आशयाची पोस्ट पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली.

२/ पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. जमावाने त्या तरुणीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड केली आणि १९ नोव्हेंबरला पोलिसांनी दोघींनाही अटक केली. पुढे प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यांची सुटका झाली. एकीचा गुन्हा लिहिण्याचा, तर दुसरीचा केवळ पसंती दर्शविण्याचा!

३/ प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी तातडीने मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहिले. बंदला विरोध करणे हा गुन्हा नाही. उलट निरपराध व्यक्तीला अटक करणे हाच गुन्हा ठरू शकतो आणि संबंधित पोलिसांवर कारवाई व्हावी, असा त्यांचा रोख होता.

४/ पण या पत्रामागे कायद्याचे बळ किती होते? त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९५२ साली पहिला प्रेस आयोग नेमला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. ग. स. राजाध्यक्ष हे त्याचे अध्यक्ष. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य जपणारी आणि त्यांचा दर्जाही राखणारी परिषद असावी, अशी शिफारस या आयोगाने केली.

५/ त्यानुसार १९६५ साली कायदा झाला आणि १९६६ मध्ये कौन्सिल स्थापन झाली. पहिले अध्यक्ष होते न्या. ज. र. मुधोळकर. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी तिचे कामकाज सुरू झाले. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय पत्रकारिता दिन. पालघरमधील अटक या दिनानंतर तिसऱ्याच दिवशी झाली, हा योगायोग बोलका आहे.

६/ आणीबाणीत ही कौन्सिल वटहुकुमाद्वारे बरखास्त झाली. १९७८ च्या कायद्याने ती पुन्हा उभी राहिली. मात्र तिचे अधिकार मर्यादितच राहिले : इशारा देणे, समज देणे, ताशेरे ओढणे. दंड नाही, शिक्षा नाही. आणि कार्यकक्षा केवळ वृत्तपत्रे व वृत्तसंस्थांपुरती.

७/ वृत्तवाहिन्यांनी २००८ साली स्वनियमनासाठी स्वतःचे प्राधिकरण उभारले. फेसबुकवर लिहिणारी तरुणी मात्र या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर होती. तिच्यामागे ना संपादक, ना पत्रकार संघ, ना कौन्सिल. काटजूंच्या पत्राला वजन होते ते नैतिक, कायदेशीर नव्हे.

८/ त्याच महिन्यात ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. पुढे तरुणींवरील प्रकरणही बंद झाले. परंतु ज्या कायद्याचा आधार घेतला गेला होता तो तसाच होता : माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ. ‘अतिशय आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद! आक्षेपार्ह म्हणजे नेमके काय, याची व्याख्याच नव्हती.

९/ पालघरच्या बातमीने अस्वस्थ होऊन दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवले. चर्चा किंवा एखाद्या मताचा पुरस्कार, तो कितीही अप्रिय असला तरी, वेगळा. आणि चिथावणी वेगळी. हा भेद या निकालाचा कणा आहे.

१०/ तरीही गोष्ट संपली नाही. रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा न्यायालयानेच आश्चर्य व्यक्त केले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे स्पष्ट निर्देश द्यावे लागले.

११/ दरम्यान, २०२१ च्या नव्या नियमांनी डिजिटल वृत्तमाध्यमांवर शासकीय देखरेखीची चौकट आणली. त्यातील आचारसंहितेचे बंधन घालणाऱ्या तरतुदींना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. नियमन कोणी करायचे, हा राजाध्यक्ष आयोगापुढचा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे.

१२/ परिषदा पत्रकारांसाठी असतात, परंतु अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देणारे घटनेचे कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाचे आहे. तुम्ही हा थ्रेड वाचून ‘लाइक’ कराल, तेव्हा एवढे आठवा : याच एका कृतीसाठी पालघरमध्ये एका मुलीला अटक झाली होती. (समाप्त)