बेने इस्रायल : इस्रायलमधील स्थलांतर व समरसता

कोकणात, विशेषतः पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, तेलाचे घाणे चालविणारा व शनिवारी काम बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा मराठीभाषी यहुदी समाज. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर यातील बहुसंख्य कुटुंबांनी क्रमाक्रमाने तेथे स्थलांतर करून बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इ. नगरांत वस्ती केली. परंतु स्वधर्मीयांच्या या देशातही धर्मपीठाने विवाहप्रसंगी त्यांच्या वंशाची चौकशी आवश्यक ठरविल्याने त्यांना निग्रहाने चळवळ करावी लागली, आणि १९६४ मध्ये शासनाने त्यांचे समान हक्क निःसंदिग्धपणे मान्य केले. हिब्रू भाषा आत्मसात करूनही पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ एलियाहू पैगंबराच्या स्मरणार्थ करण्याची परंपरा त्यांनी राखली. यजमान राष्ट्राशी एकरूप होण्यासाठी मातृसंस्कृतीचा त्याग अपरिहार्य नसतो, हे या समाजाने सिद्ध केले आहे.