पुरुषवाचक आदरार्थी संबोधने आणि सामाजिक प्रतिष्ठा

पुरुषांसाठी वापरल्या जाणाऱ्या आदरार्थी संबोधनांच्या इतिहासातून समाजातील उतरंड स्पष्ट होते. इंग्रजीतील ‘मिस्टर’ हे ‘मास्टर’ म्हणजे धनी या शब्दाचे रूपांतर होय. स्पॅनिशमधील ‘सेन्योर’चे मूळ ‘वडीलधारा’ या अर्थाच्या, तर ‘दॉन’चे मूळ ‘स्वामी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आरंभी वरिष्ठांपुरती मर्यादित असलेली ही संबोधने कालांतराने सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली.

मराठीतही ‘राव’ हा शब्द राजा या पदापासून, ‘पंत’ पंडितापासून आणि भिवंडीसारख्या व्यापारी गावांत रूढ असलेला ‘शेठ’ श्रेष्ठीपासून आला. पेशवेकालीन पत्रांच्या मायन्यात वैदिक ब्राह्मणास ‘वेदशास्त्रसंपन्न’, तर इतर प्रतिष्ठितांस ‘राजमान्य राजश्री’ लिहीत. याउलट महार पुरुषांच्या नावास ‘नाक’ हा प्रत्यय लागे व नावावरूनच जात कळे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची अशी नावे कोरेगाव येथील स्तंभावर कोरलेली आहेत.

ब्रिटिश सत्तेने ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’, ‘खानबहादूर’ अशा पदव्या देऊन या उतरंडीत राजनिष्ठेची भर घातली. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १८ ने लष्करी व शैक्षणिक सन्मान वगळता राज्याने पदव्या देण्यास मनाई केली. पत्रव्यवहारातील ‘रा. रा.’ मागे पडून ‘श्री.’ सर्वत्र रूढ झाले. डॉ. आंबेडकरांना ‘बाबासाहेब’ हे संबोधन मात्र जनतेने दिले. यावरून संबोधनाचा प्रश्न हा प्रतिष्ठेच्या समान वाटपाचा प्रश्न आहे, हे दिसून येते.