हवेची हत्यारे आणि हवेतले पाणी

न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. बंदरामागोमाग कंटेनरची यार्डे आली, ट्रेलर आले, त्यांची गॅरेजे आली. चाकाचे नट सोडवणारी 'गन', ग्राइंडर, गंज काढणारा हातोडा अशी हत्यारे तेथे दाबलेल्या हवेवर चालतात. नवे हत्यार परवडले नाही, तर छोटा कारागीर जुने घेऊन दुरुस्त करतो. पण दुरुस्त केलेले हत्यार काही दिवसांत पुन्हा अडते. असे का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

१८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदले गेले. पहारीवर घण घालून खडकात भोके पाडायची आणि त्यांत दारू ठासून सुरुंग उडवायचा, अशी ती पद्धत होती. या कामात हजारो मजूर दगावले. त्याच सुमारास आल्प्स पर्वतात फ्रान्स व इटली यांना जोडणारा माँ सेनी बोगदा खोदला जात होता. तेथे वाफेचे यंत्र आत नेले असते, तर धुराने माणसे गुदमरली असती. जर्मेन सोमेये या अभियंत्याने बोगद्याबाहेर, पडत्या पाण्याच्या जोरावर हवा दाबली आणि नळांतून आत नेली. १८६१ पासून त्या हवेवर छिद्रयंत्रे चालू लागली. यंत्रातून सुटलेली हवा मजुरांना श्वासासाठीही उपयोगी पडली. सुमारे १३ किलोमीटरचा हा बोगदा १८७१ मध्ये खुला झाला. पुढे दाबलेली हवा खाणी, गोद्या आणि कारखाने यांत पोहोचली. पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली.

हवेबरोबर पाण्याची वाफही येते. किती, ते मोजून पाहू. ३० अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. किनाऱ्यावरच्या दमट दिवशी आर्द्रता ८० टक्के धरली, तर ती २४ ग्रॅम असेल. कॉम्प्रेसरने अशी ८ घनमीटर हवा दाबून १ घनमीटरमध्ये बसवली, म्हणजे १९२ ग्रॅम वाफ आत आली. दाबताना हवा तापते; पण टाकीत ती पुन्हा ३० अंशांवर आली, की ३० ग्रॅमच वाफ मावते. उरलेल्या १६२ ग्रॅमचे पाणी होते. ते टाकीच्या तळाशी साठते आणि काढून टाकले नाही, तर नळीतून हत्यारात शिरते.

गनच्या मोटरमध्ये एका नळकांड्यात, मध्यापासून जरा बाजूला बसवलेला रोटर असतो. त्याच्या खाचांत चार-सहा पाती सैल सरकतात. फिरताना ती बाहेर फेकली जाऊन नळकांड्याला टेकतात. हवा त्यांना ढकलते. पाण्याने खाचा गंजतात, वंगण धुऊन जाते, गंज आणि तेल मिळून चिकट राड होते. पाती खाचांतच अडकली, की हवा नुसती निसटते. अशा वेळी हवा बंद करून, नळी काढून मोटर उघडावी. रॉकेलने भाग धुवावेत (जवळ आग नको), झिजलेली पाती व बेअरिंगे बदलावीत, पातळ तेल द्यावे.

झिजलेल्या बेअरिंगांमुळे मोटर थरथरते आणि ही थरथर कामगाराच्या हाताला जाचते. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, हवेचे हातोडे वापरणाऱ्या पाथरवटांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये तपासून नोंदवले होते. म्हणजे या दुरुस्तीवर कारागिराची बोटेही अवलंबून असतात.

मात्र टाकीतले पाणी तसेच राहिले, तर नवी पातीही अडकतील. टाकीखालची तोटी रोज सोडणे आणि नळीच्या वाटेवर पाणी अडवणारा फिल्टर बसवणे, हाही दुरुस्तीचाच भाग आहे. वरचे गणित वर्गात आपल्या गावच्या आर्द्रतेचा आकडा घालून जरूर करावे.