मोटोरोला-कुलातील गृहसंगणक आणि लिनक्स : एका रूपांतराचा इतिहास

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा नव्या यंत्रांच्या आगमनाच्या क्रमाने केले जाते. एखादे यंत्र बाजारात केव्हा आले, त्याचा वेग किती होता व त्याची जागा पुढे कोणी घेतली, एवढे सांगितले की त्या यंत्राचा इतिहास पूर्ण झाला असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु काही यंत्रांच्या बाबतीत, निर्मात्यांचा अस्त झाल्यावर एक दुसरा इतिहास सुरू होतो आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तोच अधिक बोधप्रद ठरतो. कमोडोर कंपनीचे अमिगा आणि अटारी कंपनीचे एसटी, टीटी व फाल्कन हे संगणक याचे ठळक उदाहरण होत. कमोडोर एप्रिल १९९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. अटारी कॉर्पोरेशन १९९६ मध्ये दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली. तरीही या कुलातील काही यंत्रांवर आजही विकसित होत असलेले डेबियन हे लिनक्स वितरण बसवता येते. हे कसे शक्य झाले, कोणत्या यंत्रांच्या बाबतीत झाले व कोणत्यांच्या नाही, आणि त्यावरून जतनाच्या प्रश्नावर कोणता प्रकाश पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. लिनक्स हे काटेकोर अर्थाने केवळ कर्नलचे, म्हणजे यंत्र आणि इतर प्रोग्राम यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मूळ प्रोग्रामचे नाव आहे. हा कर्नल, त्यासोबत लागणारे हजारो प्रोग्राम आणि ते सर्व यंत्रावर बसवण्याची साधने एकत्र करून जे दिले जाते त्यास वितरण म्हणतात. वितरणातील प्रोग्राम मूळ संहितेवरून विशिष्ट प्रोसेसरसाठी भाषांतरित, म्हणजे कंपाइल, केलेले असतात. म्हणून 'जुन्या संगणकावर नवे लिनक्स बसवणे' या वरवर साध्या क्रियेमागे दोन भिन्न कार्ये असतात : कर्नलला त्या यंत्राची ओळख करून देणे आणि संपूर्ण प्रोग्रामसंग्रह त्या प्रोसेसरच्या भाषेत आणणे. पहिले कार्य काही थोड्या कुशल व्यक्ती एकदा करू शकतात. दुसरे मात्र कधीच संपत नाही.

आता यंत्रांकडे वळू. मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर १९७९ मध्ये आला. १९८५ मध्ये अटारी ५२० एसटी आणि अमिगा १००० हे दोन्ही संगणक याच प्रोसेसरवर उभे राहिले. १९८७ मध्ये आलेल्या अमिगा ५०० ने तो सामान्य कुटुंबांच्या घरात पोहोचवला. परंतु लिनक्सच्या दृष्टीने या लोकप्रिय यंत्रांत एक मूलभूत उणीव होती. ६८००० मध्ये मेमरी व्यवस्थापक घटक नव्हता. हा घटक प्रत्येक चालू प्रोग्रामला स्वतःचे स्वतंत्र मेमरीक्षेत्र असल्याचा आभास निर्माण करून देतो व एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरू देत नाही. लिनक्सचा जन्म १९९१ मध्ये इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरवर झाला, आणि त्याची सारी घडण त्या प्रोसेसरमधील या सोयीवर आधारलेली होती. मेमरी व्यवस्थापकाविना चालणारी लिनक्सची आवृत्ती पुढे निघाली हे खरे. परंतु डेबियनसारखे पूर्ण वितरण तिच्यावर चालत नाही.

मोटोरोला-कुलात ही सोय १९८४ च्या ६८०२० या प्रोसेसरला एक वेगळी चिप जोडून मिळवता येत असे. १९८७ च्या ६८०३० मध्ये ती प्रोसेसरच्या अंगातच आली. तथापि येथे अर्थकारणाने हस्तक्षेप केला. मोटोरोलाने 'ईसी' या अक्षरांनी ओळखले जाणारे स्वस्त उपप्रकारही काढले आणि ६८ईसी०३० मधून नेमका मेमरी व्यवस्थापक वगळला. याचा परिणाम विलक्षण झाला. १९९० चा अमिगा ३००० आणि १९९२ चा अटारी फाल्कन यांत पूर्ण ६८०३० असल्यामुळे त्यांवर लिनक्स चालू शकते. अमिगा ४००० ची ६८ईसी०३० असलेली स्वस्त आवृत्ती अमिगा ३००० नंतरची असूनही, प्रोसेसर बदलल्याविना, तिच्यावर ते चालू शकत नाही. त्याच वर्षीच्या अमिगा १२०० ची स्थितीही हीच आहे. अमिगा ३००० मध्ये ही सोय असण्याचा प्रत्यक्ष उपयोगही कमोडोरने त्या काळी करून घेतला होता. त्याच यंत्राची ३०००यूएक्स ही आवृत्ती युनिक्ससह विकली गेली. सारांश, यंत्राचे पुढील तीस वर्षांचे भवितव्य त्याच्या वयावर ठरले नाही. काही डॉलर वाचवण्याच्या एका निर्णयावर ठरले.

यंत्राची पात्रता ही मात्र केवळ एक अट होय. दुसरी अट संहितेची होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कार्याची वार्ता प्रथम जाहीर केली, तेव्हा हा कर्नल ३८६ शी जखडलेला असून तो अन्य यंत्रांवर नेता येण्याजोगा नाही, असेच त्यांनी सांगितले होते. तथापि संहिता सर्वांस खुली असल्यामुळे कर्त्याचा अभिप्राय हा अंतिम शब्द ठरला नाही. हॅमिश मॅकडोनाल्ड आणि ग्रेग हार्प यांनी १९९२-९३ च्या सुमारास हा कर्नल अमिगावर चालवून दाखवला. त्यापाठोपाठ अटारीसाठीचे काम झाले. पुढे टोरवाल्ड्स यांनी स्वतः अल्फा या प्रोसेसरसाठी रूपांतर हाती घेतले, आणि यंत्रनिरपेक्ष भाग एकीकडे व यंत्रविशिष्ट भाग दुसरीकडे अशी कर्नलच्या संहितेची विभागणी स्थिर झाली. १९९६ च्या २.० या आवृत्तीत मोटोरोला-रूपांतर मुख्य संहितेत समाविष्ट झालेले आढळते.

येथे एका गोष्टीची नोंद घेणे अगत्याचे आहे. असे रूपांतर म्हणजे मोठ्या प्रवाहाकडून लहान यंत्राला मिळालेले एकतर्फी दान, अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पीसीच्या पडदा-यंत्रणेत अक्षरांची एक स्वतंत्र अवस्था असे. कर्नलने अक्षराचा क्रमांक द्यावा आणि आकृती यंत्राने उमटवावी, असा तेथील व्यवहार होता. अमिगा व अटारी यांत अशी अवस्थाच नव्हती. पडदा हा केवळ ठिपक्यांचा पट होता. त्यामुळे या यंत्रांवर एक अक्षर दाखवायचे तरी कर्नलला ते स्वतः रेखाटावे लागे. या गरजेतून निर्माण झालेली 'फ्रेमबफर' ही व्यवस्था पुढे सर्व यंत्रांसाठी स्वीकारली गेली आणि १९९९ च्या २.२ या आवृत्तीत पीसीवरही उपलब्ध झाली. परिघावरील यंत्राच्या उणिवेतून केंद्राला लाभलेली ही देणगी होय.

डेबियनच्या इतिहासात या कुलाचे स्थान विशेष मानाचे आहे. जुलै १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली डेबियन २.० ही इंटेलखेरीज अन्य प्रोसेसरसाठी निघालेली या वितरणाची पहिली अधिकृत आवृत्ती, आणि तो अन्य प्रोसेसर म्हणजे मोटोरोला ६८०००-कुल होय. जून २००५ च्या ३.१ या आवृत्तीपर्यंत हा क्रम अखंड राहिला. एप्रिल २००७ च्या ४.० मध्ये मात्र हे कुल अधिकृत यादीतून वगळले गेले. कारणे दोन होती. वितरणातील प्रोग्रामांची संख्या व आकार सतत वाढत असताना पंचवीस ते पन्नास मेगाहर्ट्‌झ अशा गतीची यंत्रे ते सर्व वेळेत कंपाइल करू शकत नव्हती. शिवाय कंपायलर आणि मूळ ग्रंथालये यांत जे नवे बदल होत होते, त्यांचे मोटोरोला-अंग कोणीतरी लिहिणे आवश्यक होते व ते मागे पडले होते. विशेषतः एकाच प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या धाग्यांसाठी लागणारी सोय या कुलात नसल्यामुळे सी भाषेचे नवे ग्रंथालय त्यावर चालेना. ही उणीव पुढे काही वर्षांनी भरून काढण्यात आली. तेव्हापासून डेबियनच्या 'पोर्ट्स' या अनधिकृत विभागात हे कुल आजवर टिकून आहे. त्यात स्थिर आवृत्ती निघत नाही. सतत बदलणारी विकास-आवृत्ती तेवढी मिळते.

भाषाभ्यासकाला या टिकून राहण्यातील एक बाब विशेष लक्षणीय वाटेल. प्रोग्रामची संहिता खुली असली तरी ती सर्व यंत्रांवर सारखीच अर्थवाही नसते, कारण तिच्यात लेखकाची काही गृहीतके अलिखित रूपाने वावरत असतात. मोटोरोला-कुलात अनेक बाइटांची संख्या मेमरीत ठेवताना मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी येतो, इंटेलमध्ये तो शेवटी येतो. हा भेद सर्वांस ठाऊक आहे. त्याहून सूक्ष्म भेद असा : लिनक्सच्या मोटोरोला-रूपांतरात चार बाइटांची संख्या दोनने भाग जाणाऱ्या कोणत्याही पत्त्यावर ठेवता येते, तर आजचे बहुसंख्य प्रोग्रामकार असा पत्ता चारने भाग जाणाराच असणार असे धरून चालतात व त्या पत्त्यातील रिकामे मानलेले शेवटचे बिट अन्य कामासाठी वापरतात. ते गृहीत मोडले की प्रोग्राम कोसळतो. मूळ लेखकाला तो दोष वाटतही नाही. आपण सर्वसामान्य भाषा बोलत आहोत, बोलीभाषा नव्हे, अशी बहुसंख्याक भाषिकाची जी सहज समजूत असते, तिचाच हा प्रकार होय.

याच संदर्भात ३८६ चा विरोधाभास उद्बोधक आहे. ज्या प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला त्या ३८६ चा आधार फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. मोटोरोला-कुलाचा आधार मात्र कर्नलमध्ये कायम आहे. याचे एक तांत्रिक कारण असे की मेमरीतील मूल्य तपासून त्याच क्षणी बदलणारी, समांतर कार्यासाठी आवश्यक असलेली आज्ञा ६८०२० मध्ये १९८४ पासून होती. इंटेलच्या कुलात ती १९८९ च्या ४८६ पासून आली. परंतु खरे कारण सामाजिक आहे. ३८६ साठीच्या विशेष तरतुदी इंटेल-संहितेच्या गर्दीत सर्वांच्या मार्गात येत होत्या आणि त्यांची जोपासना करण्यास कोणी पुढे येत नव्हते. मोटोरोलाची संहिता आपल्या स्वतंत्र दालनात होती आणि तिची देखभाल करणारे लोक होते. जन्माचा मान असूनही वाली नसलेले यंत्र गेले. वाली असलेले राहिले.

आज प्रत्यक्ष स्थापनेचे स्वरूप कसे असते, हेही पाहावे. अमिगा वा अटारीवर लिनक्स सहसा एकदम सुरू होत नाही. प्रथम यंत्राची स्वतःची कार्यप्रणाली सुरू करावी लागते. तिच्यातून एक लहानसा प्रोग्राम चालवला जातो, तो कर्नल मेमरीत आणतो आणि यंत्राचा ताबा त्याच्या स्वाधीन करतो. अमिगा ३००० च्या मूळ फलकावर सर्व मिळून अठरा मेगाबाइट मेमरी मावते आणि फाल्कनमध्ये चौदा. आजच्या वितरणाला ती फार अपुरी पडते, म्हणून मेमरी वाढवणारे जोडफलक जवळजवळ अनिवार्य होतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की या यंत्रांसाठीचे प्रोग्राम कंपाइल करण्याचे काम आता मुख्यतः ही यंत्रे करीत नाहीत. नव्या, वेगवान संगणकांवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे अरानिम वा क्यूएमू यांसारखे प्रोग्राम चालवून त्यांच्या पोटात हे काम होते. म्हणजे जुन्या यंत्राची भाषा आज जिवंत आहे ती बहुतांशी नव्या यंत्रांच्या मुखातून.

यावर असा आक्षेप घेता येईल की अमिगावर डेबियन बसवल्याने अमिगाचे जतन होत नाही, उलट त्याची स्वतःची कार्यप्रणाली, तिची संगीत-चित्रांची संस्कृती बाजूस सारली जाते. हा आक्षेप मोठ्या अंशी मान्य करावा लागतो. येथे देह तोच राहून वाणी बदलते, आणि इतिहासकाराने या दोहोंची गल्लत करता कामा नये. तथापि या उद्योगातून जे खरोखर जतन झाले ते वेगळेच आहे. अमिगाच्या हार्ड डिस्कवरील विभागणी आणि फाइलरचना वाचण्याचे ज्ञान या रूपांतराच्या निमित्ताने लिनक्स कर्नलमध्ये उतरले. ते सर्व यंत्रांसाठी उपलब्ध आहे. अमिगा एकही शिल्लक न राहिला तरी त्याच्या डिस्कवरील मजकूर वाचण्याची विद्या राहील.

या निष्कर्षाचे महत्त्व आपल्यापुरते फार निकटचे आहे. अमिगा ३००० बाजारात आला तेव्हा युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध व्हावयाची होती. ती १९९१ ची. अमिगाची स्वतःची वर्णमाला पश्चिम युरोपीय भाषांपुरती होती. आज त्याच यंत्रावर डेबियन बसवले तर मराठी मजकूर युनिकोडमध्ये साठवता येतो, शोधता येतो, दूर पाठवता येतो. कर्नलच्या साध्या पडद्यावर जोडाक्षरे नीट उमटत नाहीत, एवढी मर्यादा राहते. याउलट १९९० च्या दशकात आपल्याकडे विशिष्ट फॉन्टांच्या खाजगी सांकेतिक मांडणीत टंकलिखित झालेला विपुल मराठी मजकूर, ते फॉन्ट व त्यांची रूपांतर-कोष्टके हाताशी नसतील तर, आजच्या कोणत्याही नव्या यंत्रावर अर्थहीन चिन्हांची रांग म्हणून दिसतो. वेगवान यंत्र तो वाचू शकत नाही, कारण त्या मांडणीचे ज्ञान खुल्या संहितेत कोठे उतरलेले नसते. शब्दसूची, बोलींचे नमुने, ग्रंथांच्या प्रती अशी सामग्री ज्यांच्याकडे अशा स्वरूपात पडून आहे, त्यांनी यंत्रे व डिस्का जपून ठेवल्याने कार्यभाग साधणार नाही. ती मांडणी जाणणारे लोक आपल्यात आहेत तोवर तिची कोष्टके लिहून काढणे, ती सर्वांस खुली करणे आणि त्यांची देखभाल पुढील पिढीकडे सोपवणे, हेच मोटोरोला-कुलाच्या या इतिहासाने सिद्ध केलेले जतनाचे साधन आहे. आणि त्यास विलंब लावण्यासारखी परिस्थिती नाही.