शिंगांची रास

शिकारीच्या प्रत्येक गोष्टीचे दोन प्रसंग असतात. पहिला रानांत घडतो व दुसरा शेकोटीभोंवतीं. पहिल्या प्रसंगाला साक्षीदार थोडे. बहुधा एक शिकारी, एक वाटाड्या आणि तें मुकें सावज. दुसऱ्याला श्रोते पुष्कळ. रानांत आठ फूट भरलेला वाघ शेकोटीजवळ येतां येतां दहा फुटांचा होतो, हा अनुभव सह्याद्रीच्या घाटांत जसा, तसाच जगांतील कोणत्याही रानांत. परंतु अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील वाळवंटांत सांगितल्या गेलेल्या शिकारकथांचा इतिहास कांहींसा निराळा आहे. तेथें कथा सांगतां सांगतां ती सांगणारा बदलत गेला. किती मारलें हें सांगावयास बसलेला शिकारी पुढें किती उरलें हें मोजूं लागला. आणि हा पालट घडावयास सुमारें अडीचशें वर्षें लागलीं.

हा प्रदेश म्हणजे ॲरिझोना व न्यू मेक्सिको हीं संस्थानें, पश्चिमेस कॅलिफोर्नियाचा कोपरा आणि सरहद्दीपलीकडील मेक्सिकोचा सोनोरा प्रांत. युमा गांवीं वर्षाकाठीं सरासरी तीन-साडेतीन इंच पाऊस पडतो. महाबळेश्वरास आषाढांतील एका रात्रींत याहून अधिक पडून जातो. तरी हें वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. चाळीस-चाळीस फूट उंचीचे साग्वारो निवडुंग, नुसतें जवळून गेलें तरी अंगाला चिकटणारा कांटेरी चोया, आणि मधून मधून उठलेल्या काळ्या-तांबड्या खडकांच्या उघड्या डोंगररांगा असें त्याचें रूप आहे. या रांगांच्या कपारींत पावसाचें पाणी सांठवून ठेवणारीं नैसर्गिक टाकीं असतात. स्पॅनिश लोकांनीं त्यांस 'तिनाहा' हें नांव दिलें. त्यांच्या आधारानें मोठ्या शिंगांचा रानमेंढा राहतो. नराचीं शिंगें कानांमागून वळून पुन्हां गालांपर्यंत येतात, व त्यांवरील वेढ्यांवरून त्याचें वय सांगतां येतें.

या मेंढ्याची शिकार आपल्याकडील जुन्या हाक्याच्या शिकारीहून अगदीं वेगळी. तेथें हाकेकऱ्यांनीं उठवावें असें रान नाहीं आणि मचाण बांधावें असें झाड नाहीं. शिकाऱ्यानें पहांटे टेकडीवर बसावें, दुर्बीण डोळ्यांस लावावी आणि समोरची उतरण एकेक खडक करून न्याहाळावी. खडकाच्या रंगाचा मेंढा हालेपर्यंत दिसत नाहीं. त्याची स्वतःची नजर मात्र फार लांबवर पोंचते. शिवाय मुक्काम कोठें करावयाचा हें शिकारी ठरवीत नाहीं, पाणी ठरवितें. सोनोरांतून युमाकडे जाणाऱ्या वाटेला 'सैतानाची वाट' असेंच नांव पडलें होतें. १८४९ सालीं कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या आशेनें त्या वाटेला लागलेले कित्येक प्रवासी पाण्यावांचून तेथेंच राहिले. अशा भूमींत ज्याच्या हातीं पाणवठा, त्याच्या हातीं सावजाचा जीव. पुढील सर्व कथेचें मर्म येथेंच आहे.

१६९७ च्या नोव्हेंबरांत जेझुइट पाद्री यूसेबियो किनो गिला नदीच्या कांठानें प्रवास करीत होता. त्याच्याबरोबर कॅप्टन हुआन मातेओ मांजे हा लष्करी अधिकारी होता. तुसोनिमो नांवाच्या वस्तीजवळ त्यांना रानमेंढ्यांच्या शिंगांची एक रास दिसली. ती टेकडीसारखी भासत होती, आणि शिंगांची संख्या लाखाच्या वर असावी असा अंदाज मांजेनें आपल्या वृत्तांतांत लिहून ठेविला. अंदाजांत अतिशयोक्ति असेल. पण तो लिहिणारा त्या मेंढ्यांचा शिकारी नव्हता, तेव्हां बढाई मारण्याचें त्यास कारण नव्हतें. ती रास ओओधाम लोकांची होती. हे लोक धनुष्यबाणानें मेंढ्याची शिकार करीत, मांस खात, कातडें वापरीत. शिंगें मात्र इतस्ततः न फेंकतां एके ठिकाणीं रचून ठेवीत. शिंगांचा वाऱ्याशीं कांहीं संबंध आहे, तीं पाणवठ्याजवळून हलवूं नयेत, अशी त्यांची समजूत पुढील प्रवाशांनीं नोंदविली आहे. समजूत कशीही असो, तिचा परिणाम ध्यानांत घेण्यासारखा होता. ज्या समाजाजवळ अक्षर नव्हतें त्याची ती शिकारवहीच होती. मारलेल्या सावजांचा हिशेब उघड्यावर मांडलेला असे, आणि येणाराजाणारा प्रत्येकजण तो पाहत असे.

१८८० मध्यें टूसॉन शहरापर्यंत आगगाडी आली. तिच्यामागून खाणवाले आले, गुरें आलीं, पाळीव मेंढरें आलीं. खाणींवरील मजुरांना मांस हवें म्हणून रानमेंढे मारले गेले. पाणवठ्यांवर गुरांनीं ठाण मांडलें. पाळीव मेंढरांचे रोग रानमेंढ्यांना जडले. या तिहेरी माऱ्यापुढें त्यांचे कळप झपाट्यानें आटले. हा हिशेब मात्र कोणी रचून ठेविला नाहीं.

१९०७ च्या नोव्हेंबरांत टूसॉनहून एक मंडळी सोनोरांतील पिनाकाते या थंड झालेल्या ज्वालामुखीकडे निघाली. तींत वनस्पतिशास्त्रज्ञ मॅकडूगल होते, भूगोलज्ञ गॉडफ्री साइक्स होते, आणि न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे होते. हॉर्नडे यांची बंदूक हिंदुस्थानासही परिचित होती. तीस वर्षांपूर्वीं दक्षिणेंतील अनामलईच्या डोंगरांत हत्ती, गवे व वाघ यांची शिकार करून त्यांनीं अमेरिकेंतील संग्रहालयांसाठीं नमुने नेले होते. पिनाकातेच्या लाव्हारसाचे खडक इतके धारदार कीं, त्यांवरून चालणाऱ्याच्या बुटांचे तळ टिकत नाहींत. तेथें या मंडळींनीं रानमेंढे मारले, त्यांचीं मापें घेतलीं, नकाशे काढले, आणि १९०८ मध्यें हॉर्नडे यांनीं या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुस्तकाचा सूर आनंदाचा आहे. परंतु पांचच वर्षांनीं, १९१३ मध्यें, त्याच लेखकानें अमेरिकेंतील वन्य प्राण्यांच्या संहारावर दुसरें पुस्तक लिहिलें. तें जणूं बंदूकवाल्यांवरील आरोपपत्रच होय. ज्यानें स्वतः पुष्कळ मारलें त्यालाच काय नाहींसें होत आहे हें आधीं दिसलें, ही गोष्ट या इतिहासांत पुन्हां पुन्हां आढळते.

त्याच १९१३ सालीं ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेस दुसरी एक शिकार चालली होती. तेथें कैबाब नांवाचें पठार आहे. भोंवतालचा मुलूख रखरखीत. पण पठार उंच असल्यामुळें त्यावर पाइनचें दाट जंगल आणि मोठ्या कानांचीं हरणें. १९०६ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हें पठार राखीव केलें. हरणांवर बंदूक चालविण्यास बंदी झाली. हरणें खाणाऱ्या प्यूमा, लांडगे इत्यादि जनावरांवर ती मोकळी राहिली. तेथील रखवालदार जिम ओवेन्स यांच्या नांवावर ५३२ प्यूमा सांगितले जात. अधिकारपद सुटल्यावर रूझवेल्ट स्वतः दोन मुलगे व एक चुलतपुतण्या यांसह या ओवेन्सकडे गेले, कुत्र्यांच्या मागोमाग कड्याकपारींतून हिंडले, आणि परत येऊन त्यांनीं त्या शिकारीची हकीकत लिहिली. प्यूमा हा हरणांचा शत्रु, तेव्हां प्यूमाला मारणारा तो हरणांचा मित्र, हें गणित त्या वेळीं बहुतेक सर्वांना निर्विवाद वाटत होतें.

गणिताचें उत्तर दहा वर्षांत मिळालें. हरणें वाढलीं; इतकीं वाढलीं कीं, मान पोंचेल तेथवरचा झाडपाला ओरबाडला गेला. गुरांची व मेंढरांची चराई घटली हेंही या वाढीचें कारण होतें असें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें, आणि आंकड्यांविषयीं वादही झाला. परंतु १९२४ च्या सुमारास हरणांवर उपासमार आली यांत शंका नाहीं. तेव्हां मॅककॉर्मिक नांवाच्या एका माणसानें युक्ति काढली. हजारों हरणें हांकीत हांकीत ग्रँड कॅन्यनच्या तळाशीं न्यावयाचीं, नदी ओलांडावयास लावावयाचीं आणि दक्षिण कांठावर चढवावयाचीं! १९२४ च्या डिसेंबरांत शंभरावर माणसें जमलीं. घोडेस्वार होते, गळ्यांतल्या घांटा वाजवीत पायीं चालणारे नाव्हाहो लोक होते, सिनेमावाले होते, कादंबरीकार झेन ग्रे होते. अमेरिकेंत असा हाका पूर्वीं कोणी पाहिला नसेल. बर्फाचें वादळ सुटलें, माणसांची रांग विसकटली, आणि हरणें त्या फटींतून सुळकन् मागें निघून गेलीं. एकही हरिण कॅन्यनपलीकडे गेलें नाहीं. सावज मारण्याची विद्या माणसाला येत होती. सावज सांभाळण्याची विद्या तीच नव्हे, हें त्या दिवशीं बर्फांत उभ्या असलेल्या मंडळींना कळलें असावें.

ही दुसरी विद्या ज्यांनीं शब्दांत मांडली ते आल्डो लिओपोल्ड प्रथम याच वाळवंटाच्या कडेवरील जंगलखात्यांत नोकरीस होते. १९०९ मध्यें बाविसाव्या वर्षीं ते ॲरिझोनांतील अपाची जंगलांत रुजू झाले. एके दिवशीं ते व त्यांचे सोबती कड्यावर दुपारचे जेवण करीत असतां खालची नदी ओलांडून एक लांडगीण आली. तिचीं वाढलेलीं पिलें शेपट्या हालवीत तिच्याभोंवतीं जमलीं. त्या काळीं लांडगा दिसला असतां बंदूक न उचलणारा माणूस विरळा. सर्वांनीं गोळ्या झाडल्या. लिओपोल्ड खालीं उतरले तेव्हां लांडगिणीच्या डोळ्यांतील हिरवट तेज विझत होतें. तें त्यांनीं पाहिलें, आणि त्याविषयीं पस्तीस वर्षें छापून कांहीं लिहिलें नाहीं. उलट, पुढें न्यू मेक्सिकोंत त्यांनीं शिकाऱ्यांच्या संघटना उभारल्या आणि लांडगे व प्यूमा निःशेष मारावेत असा प्रचार केला.

मध्यंतरीं कैबाबची हकीकत घडली. १९३६ व १९३७ मध्यें लिओपोल्ड शिकारीसाठीं मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतांत गाविलान नदीच्या खोऱ्यांत गेले. तेथें लांडगेही होते, प्यूमाही होते, आणि हरणें भरपूर असूनही झाडोरा जागच्या जागीं होता. आपण ज्याला शत्रु समजून संपविलें तो या घराचा राखणदार होता, असा अर्थ त्यांना त्या खोऱ्यांत वाचावयास मिळाला. १९४४ मध्यें त्यांनीं त्या लांडगिणीची गोष्ट अखेर लिहिली. शिकारकथांच्या परंपरेंत ही गोष्ट वेगळी आहे. कारण तींत शिकाऱ्याचा नेम अचूक ठरल्याची प्रौढी नसून त्याचा विचार चुकल्याची कबुली आहे. लिओपोल्ड १९४८ च्या एप्रिलांत वारले; ज्या पुस्तकांत ही गोष्ट आहे तें १९४९ मध्यें बाहेर पडलें. बंदूक त्यांनीं शेवटपर्यंत सोडली नव्हती, हें सांगितलें पाहिजे. त्यांनीं सोडला तो आपण सर्व जाणतों हा समज.

रानमेंढ्याचा कैवार घेणारा माणूसही असाच बंदुकीच्या धंद्यांतला होता. आफ्रिकेंतील लढायांत नांवाजलेले टेहळे फ्रेडरिक बर्नहॅम यांनीं १९३६ मध्यें ॲरिझोनांतील बालवीरांना हाताशीं धरलें. शाळांतून चित्रांच्या स्पर्धा झाल्या, सभा झाल्या, मुलांच्या गळ्यांतील रुमालांवर मेंढ्याचें चिन्ह आलें. अखेर २५ जानेवारी १९३९ रोजीं सरकारनें कोफा व काबेझा प्रिएता हीं दोन अभयारण्यें स्थापन केलीं. दोहोंचें क्षेत्र मिळून सुमारें पंधरा लक्ष एकर भरतें. 'कोफा' हें नांव तेथील 'किंग ऑफ ॲरिझोना' या सोन्याच्या खाणीच्या आद्याक्षरांवरून पडलें. जिच्या मजुरांनीं पूर्वीं मेंढे खाल्ले असतील त्या खाणीचें नांव मेंढ्यांच्या आश्रयस्थानास मिळावें, हा दैवाचाच खेळ. पुढें डोंगरांतील जुनीं टाकीं खोल करण्यांत आलीं, नवीं बांधण्यांत आलीं. आणि १९६७ नंतर या कामासाठीं कुदळ-फावडें घेऊन सुटीच्या दिवशीं डोंगर चढणाऱ्यांत शिकाऱ्यांचाच भरणा मोठा होता. पाणवठ्यावर दबा धरणारा माणूस तेथें पाणी भरूं लागला.

लांडग्याची पाळी सर्वांत शेवटीं आली. १९७० च्या सुमारास संयुक्त संस्थानांत मेक्सिकन लांडगा रानांत उरला नव्हता. १९७७ ते १९८० या काळांत मेक्सिकोंतून पांच लांडगे जिवंत धरून आणण्यांत आले. हें काम सोंपविलें होतें तें सांपळे लावून लांडगे मारण्यांत ज्याची हयात गेली अशाच एका माणसावर. कारण त्यांचा माग काढणें त्याच्याइतकें दुसऱ्यास येत नव्हतें. त्यांच्या व बंदिवासांतील इतर थोड्या लांडग्यांच्या वंशांतील कांहीं लांडगे १९९८ च्या मार्चमध्यें ॲरिझोनाच्या पूर्वेकडील डोंगरांत सोडण्यांत आले. तें रान लिओपोल्ड यांच्या त्याच अपाची जंगलाचा भाग आहे.

तुसोनिमोची रास आतां नाहीं. पण हिशेब पुन्हां सुरू झाला आहे. ॲरिझोनांत वाळवंटी रानमेंढ्याची शिकार बहुधा चिठ्ठ्या टाकून मिळालेल्या परवान्यानें करतां येते, आणि अशा परवान्यावर माणसाला आयुष्यांत असा एकच मेंढा मारण्याची मुभा आहे. शिकार साधली कीं, ठराविक दिवसांच्या आंत शिंगें घेऊन अधिकाऱ्यापुढें हजर व्हावें लागतें. तेथें त्यांचीं मापें घेतलीं जातात, वेढे मोजून वय लिहिलें जातें. शेकोटीभोंवतीं त्या मेंढ्याची उंची पुढें कितीही वाढो, वहींतली वाढत नाहीं.