नासामार्गातील आसंजनाचा प्रतिबंध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सायनसची शस्त्रक्रिया नीट पार पडूनही काही रुग्णांचे नाक पुन्हा बंद होते. समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांवरील श्लेष्मल त्वचा खरवडली गेली, की त्यांच्यामध्ये रक्त साकळते, त्यात तंतू वाढतात आणि व्रणऊतीचा पूल तयार होतो. मधले टर्बिनेट व नाकाची बाह्य भिंत यांच्यामध्ये असे आसंजन विशेषत्वाने आढळते. निचरा अडला, की पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. हा प्रश्न दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबरोबरच आला, असे मानणे योग्य होणार नाही.

ऐतिहासिक संदर्भ :
सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात नासासंधानाचा विधी आहे. गालाच्या त्वचेचे नाक बसविल्यावर आत दोन नळ्या घालाव्यात, असे तेथे सांगितले आहे.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याजवळील अशाच शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापला. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक व एक हात टिपूच्या कैदेत कापण्यात आले होते. (हे नाव पारशी वळणाचे आहे, इंग्रजी कानाने मूळ मराठी नाव बदलले असावे.) वर्षभराने वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक बसविले. रुग्णाचे नाव टिकले, कारागिराचे मात्र नोंदविले गेले नाही. लंडनमध्ये कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये हीच पद्धत अनुसरली.

अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः कपाळाच्या त्वचेकडेच जाते. वृत्तांतातील पुढची शुश्रूषा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. चार दिवस काताचा लेप, नंतर तुपात भिजविलेले कापड आणि दहाव्या दिवशी नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापडाचे तुकडे, असा तो क्रम होता. भरणारी जखम आकसते व मार्ग बुजवते, हे त्या कारागिराला अनुभवाने ठाऊक असले पाहिजे.

आधुनिक संदर्भ :
ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांच्या अभ्यासावर दुर्बिणीची सायनस शस्त्रक्रिया उभी राहिली व १९८५ पासून अमेरिकेत केनेडी यांनी ती रूढ केली. श्लेष्मल त्वचा शक्य तितकी राखणे हा तिचा पाया आहे. त्यानंतरही दोन पृष्ठभाग अलग ठेवण्यासाठी पट्टी वा विरघळणारा पदार्थ घालतात, खपल्या काढतात. स्टिरॉइड सोडणाऱ्या विरघळत्या स्टेंटला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. साधने बदलली, तरी पृष्ठभागावर नवे आवरण येईपर्यंत अंतर राखणे हेच त्यांचे कार्य आहे.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हाही या शुश्रूषेचाच भाग आहे. खानदेशात अमळनेर येथे अध्यापन केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला. तथापि हठप्रदीपिकेतील नेती सूत्राची आहे, पाण्याची नव्हे. शस्त्रक्रियेनंतरच्या धुण्याला थेट तिचा आधार देता येत नाही. ताज्या जखमेत सूत्र घालणे तर अपायकारकच ठरेल.