पेव : दख्खनच्या घरातील दुष्काळाची तरतूद

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पावसाचे हुकणे शेतीच्या हिशेबात आधीच धरलेले असे, आणि म्हणूनच तेथील खातेपिते शेतकरी कुटुंब चालू वर्षाचे धान्य कणगीत, म्हणजे शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या उंच टोपल्यात, किंवा घराच्या भिंतीलगत बांधलेल्या बळदात ठेवून त्यापलीकडची ज्वारी जमिनीखालच्या पेवात उतरवीत असे. कणगीला रोज हात लागे. पेव एकदा भरले की गरज पडेपर्यंत त्याला कोणी हात लावीत नसे.

पेव कोठेही खणता येत नसे. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत दाणा कुजतो, त्यामुळे गावाची वस्ती असलेली उंचवट्यावरची पांढरी किंवा टणक मुरूम हीच त्याची जागा ठरे. माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद तोंड आणि खाली रुंद होत गेलेले पोट, असा खड्डा कोरडा करून त्याच्या तळाला व कडांना कडबा, गवत किंवा उसाचे पाचट लावीत, चांगली वाळवलेली ज्वारी भरून वर पुन्हा गवताचा थर देत आणि तोंडावर फरशी ठेवून ते मातीने लिंपून टाकीत. दाणा श्वसन करतो. बंद जागेत त्यामुळे प्राणवायू घटत जातो, कर्बवायू साचतो आणि कीड जगू शकत नाही. या रसायनशास्त्राची नावे ठाऊक नसतानाही ते वापरात आणणारी ही रचना ज्वारी काही वर्षे टिकवीत असे, हे या कौशल्याचे खरे मोल आहे. कडेचा थर काळवंडे, उरलेल्या दाण्याला पेवाचा उग्र वास लागे, आणि त्याची उगवणशक्ती घटत असल्यामुळे बियाणे वेगळे राखावे लागे. तोच साचलेला वायू माणसाचाही जीव घेऊ शकत असल्याने पेवाचे तोंड उघडून काही काळ तसेच ठेवीत आणि आत सोडलेला दिवा तेवत राहिला तरच माणूस खाली उतरे.

जमिनीखाली असण्याचा दुसरा लाभ लपवणुकीचा होता. आगीत घर गेले तरी पेव राही, आणि लष्करांच्या धामधुमीत कणगी लुटली गेली तरी अंगणाखालचे धान्य हाती लागेलच असे नसे. तरीही या तरतुदीला मर्यादा होती. 1630 ते 1632 च्या दुष्काळात अवर्षण, त्यामागून आलेली अतिवृष्टी आणि मोगल सैन्याची हालचाल एकत्र आली, तेव्हा देहूच्या तुकोबांच्या घरासारखे व्यापारउदीम असलेले घरही कोसळले. शिवाय पेव भरण्यासाठी आधी धान्य उरावे लागे. भूमिहीन मजूर आणि गावकुसाबाहेरची कुटुंबे यांच्याकडे ते उरतच नसे. टंचाईत त्यांना पाटलाच्या किंवा सावकाराच्या पेवातून सवाईने वा दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट परत करण्याच्या बोलीवर, धान्य उचलावे लागे. एका घराची बेगमी ही अशी दुसऱ्या घराचे कर्ज होई, आणि पेवाचे कौतुक करताना ही बाजू झाकता कामा नये.

एकोणिसाव्या शतकात हा साठा राहण्याची परिस्थितीच पालटली. ब्रिटिश महसूलपद्धतीत सारा ठरलेल्या मुदतीत रोख भरावा लागत असल्याने पीक खळ्यावरूनच विक्रीला जाण्याची सक्ती वाढली. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर देशावरचे धान्य मुंबईच्या बाजाराशी जोडले गेले. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव चढल्याने काही शेतकरी धान्याऐवजी कापसाकडे वळले. पूर्वी चांगल्या वर्षी गिऱ्हाइकाअभावी जे धान्य गावातच राही आणि पेवात जाई, त्याला आता पैसा मिळू लागला. रेल्वेने टंचाईच्या भागात धान्य आणता येते, हेही खरे होते. पण आणलेले धान्य विकत घ्यावे लागे. 1876 ते 1878 च्या दुष्काळात ज्यांच्याजवळ ना साठा होता ना पैसा, त्यांना खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर जावे लागले, आणि तेथे ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व थोडी रोकड इतकी खाली आणली गेली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ती नाकारून कामे सोडली.

पेवाची विद्या सांगलीजवळच्या हरिपुरात मात्र वेगळ्या कारणाने टिकली. तेथील मातीत खणलेल्या पेवांत व्यापारी हळद साठवीत, कारण तिचा रंग व प्रत तेथे टिकून राही. 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यांपैकी अनेक पेवे निकामी झाली. धान्याच्या पेवाची जागा तोवर केव्हाच दुसऱ्या व्यवस्थेने घेतली होती. 1972 च्या दुष्काळात लोक आयात केलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवर आणि पाझर तलाव, बांध, रस्ते यांच्या कामांवर जगले, आणि त्याच अनुभवातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या कायद्याने आधार मिळाला. घरात काहीच साठवू न शकणाऱ्या ग्रामीण मजुराला या कायद्याने काम मागण्याचा हक्क दिला.